सवाष्ण, घोडी नंबर चार

शिंदे की छावनी, लश्कर, ग्वाल्हेर
घटस्थापनेचा दिवस, दुपार

फेटा बांधलात म्हणे! ओझ्याला, त्या साप उतरवणाऱ्या मांत्रिकाला! तोही जरीचा, ऐन नागपंचमीला, सगळ्या गावासमोर, वर नारळ, वर पेढे, आणि त्याचा फोटो समस्त नातेवाइकांना मोबाइलवर पाठवलात, एक मला सोडून. मला तो पाटणकर बाजारात बांगड्या भरताना वहिनींच्या मावसबहिणीने दाखवला. एका हातात चार बांगड्या चढल्या होत्या, दुसरा हात तसाच ठेवून मी घरी आले, इतकी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने तुमच्या सुजलेल्या पायावर कडुलिंबाचा पाला फिरवून दोन तास वाया घालवले त्याला जरीचा फेटा, आणि ज्याच्या रक्तावर तुम्ही आज मिशीला पीळ देत हिंडताय त्याला मूठभर हरभरे नाहीत?

हां. आधी रीत. तीर्थरूप दादासाहेब आणि इंदुवहिनी, दोघांच्या पाया पडते (कागदावर पडते, समोर असतात तर आधी भांडले असते, मग पडले असते). तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींची साखर किती आली? धान कसं आहे? इकडे सगळे मजेत. ह्यांची पाठ आहे तशीच आहे, म्हणजे दुकानात दुखते आणि टीव्हीवर क्रिकेट लागलं की बरी होते. माझे पोळीभाजीचे डबे चालू आहेत. निधी बरी आहे, तिचं पुढे सांगतेच.

पत्र का लिहिते ते ऐका. फोनवर या विषयाचं नाव काढलं की तुमच्याकडे आवाज कटतो. धानाचा भाव विचारला तर खणखणीत ऐकू येतं, सापाचं विचारलं की शालू, आवाज कट रहा है. तेव्हा म्हटलं कागद घ्यावा, कागदाचा आवाज कटत नाही. माझी चौथीपर्यंतची शाळा तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका, मजकूर वाचा. आणि वहिनींना मोठ्याने वाचून दाखवा. गाळलेलं मला कळेल, मी त्यांना स्वतंत्र विचारणार आहे.

आता मुळापासून सांगते, कारण गेल्या वर्षी आषाढात बांधावर तुम्हाला साप चावला तेव्हाचं तुम्हाला फक्त ओझ्यापर्यंतचं आठवतं. पुढे तुम्ही शुद्धीवर कुठे होतात! पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, तेव्हा वहिनींनी (लग्नानंतर पहिल्यांदा, तुमचं न ऐकता) तुम्हाला शेजाऱ्याच्या जीपमध्ये घातलं आणि डबऱ्याहून तडक ग्वाल्हेरच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तिथे तुम्हाला वीस बाटल्या औषध शिरेतून दिलं. वीस! ओझ्याचा पाला एक. तो डॉक्टर पोरगेलासा होता, दाढी पण धड नव्हती, पण उभा राहिला तो सकाळपर्यंत हलला नाही. मी बाहेरच्या व्हरांड्यात मांढऱ्यांच्या मातेकडे तोंड करून (दिशा चुकली असेल, तेव्हा मला दिशा कळत नव्हत्या) बोलले की आई, याला वाचव, आणि ज्याने वाचवलं त्याला मी श्रावणी शुक्रवारी पाटावर बसवून माझ्या हाताने पुरण जेवू घालीन.

तुम्ही वाचलात. आता नवस फेडायचा. मी गेल्या श्रावणात डबा घेऊन त्या डॉक्टरकडे गेले. त्याने दोन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाला, अम्माजी, मैंने क्या किया, टाइम पे इंजेक्शन लग गया बस. मग जी नर्स इंजेक्शन लावत होती तिला शोधलं. ती म्हणाली, इंजेक्शन स्टोअरमध्ये शिल्लक होतं म्हणून, नाहीतर आम्ही काय करणार. मग स्टोअरवाल्याकडे गेले. डबा, कुंकू आणि माझा चेहरा पाहून त्याला वाटलं वरून चौकशी आली. त्याने सगळी रजिस्टरं माझ्यापुढे मांडली. त्याला मोठ्या मुश्किलीने पुरण खाऊ घातलं, तर तोंड पुसून म्हणतो की माल तर कंपनीकडून येतो. म्हणजे बघा, दादा. तुमचं ते ओझं पाला फिरवून श्रेय घेऊन मोकळं झालं, आणि इथे तिघांनी जीव वाचवला तरी एकही माणूस श्रेय घ्यायला तयार नाही. पुरण संपलं, नवस तसाच.

यंदा श्रावणात एका रविवारी निधी घरी आली तेव्हा हे ऐकून पोट धरधरून हसली. (तुमची भाची निधी. जिला तुम्ही चुलतभावाच्या मुलाच्या बारशात चारचौघांत गुरांची सुईण म्हणालात. जनावरांच्या डॉक्टरीची मोठी परीक्षा पास होऊन ती आता त्याच्या पुढचं शिकते. विषं, साथीचे रोग आणि अंग रोगाशी कसं लढतं, असे तीन विषय. तिसऱ्याची पुस्तकं उशाएवढी आहेत.) म्हणाली, आई, मामाला घोड्याने वाचवलंय.

मी म्हटलं थट्टा करू नकोस. तर तिने मला समजावलं, ते मला कळलं तसं तुम्हाला सांगते, तुम्हालाही कळेल, कळायला हवंच. घोड्याला सापाचं विष कण कण टोचतात, इतकं थोडं की त्याला बाधू नये. हळूहळू वाढवतात. घोड्याचं अंग त्या विषाशी लढायला शिकतं. मग त्याचं थोडं रक्त काढतात, त्यातलं तांबडं त्याचं त्याला परत देतात आणि वरचं पिवळसर पाणी तेवढं ठेवतात. शिकलेली फौज त्या पाण्यात असते. ते गाळून, साफ करून बाटलीत भरतात. तसल्या वीस बाटल्या तुमच्या अंगात गेल्या. दादासाहेब, तुमच्या अंगात अख्खं घोडदळ उतरलं तेव्हा तुम्ही उठून बसलात.

आणि आता ते चट्ट्यांचं. दहाव्या दिवशी तुमच्या अंगभर लाल चट्टे उठले, सांधे सुजले, ताप आला, आणि ओझा म्हणाला की सुई घेतलीत म्हणून नाग कोपला. तुम्ही ते खरं धरून नागदेवाच्या चबुतऱ्यावर हात ठेवून शपथ घेतलीत की पुन्हा कधी साप चावला तरी सुई घेणार नाही. निधीने तुम्हाला फोन करून सांगितलं की मामा, तसं काही नाही, असं कधी कधी होतं, घोड्याच्या रक्तातलं परकं काहीतरी आलं म्हणून आपलं अंग त्याच्यावर उठतं, आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतं. तुम्ही म्हणालात, जनावरांच्या डॉक्टरने माणसांना शिकवू नये. पोरीने मामाचा मान राखून फोन ठेवला. मी बोलते. नाग वगैरे कोणी कोपला नाही. पाच पिढ्या शिलेदार म्हणून मिरवलेल्या घराण्यातला तुमचा देह, त्याला घोडा सोसला नाही! भिंतीवर पणजोबांची तसबीर आहे ना, घोड्यावर बसलेली? तिच्याकडे बघून सांगा, तुम्हाला लाज नाही वाटत? त्यांची मांड दिवसभर सुटत नव्हती, आणि तुम्ही दोन थेंब घोडा अंगात आला तर पंधरा दिवस खाजवत बसलात.

असो. माझ्या नवसाचं. मी निधीला म्हटलं, मग तो घोडा दाखव. ती म्हणाली, तो एक घोडा नसतो, खूप असतात, कारखान्याच्या तबेल्यात, लांब कुठेतरी, सगळ्यांचं पाणी एकत्र होतं. मला वाटलं आता संपलं. पण मग सुचलं. श्रावणी शुक्रवारी आपण काय सगळ्या लश्करच्या सवाष्णी जेवायला बोलावतो का? एक बोलावतो. तिने जेवलं की सगळ्यांना पोचतं. तसं घोड्यांच्या वतीने एक घोडी जेवली की झालं. आणि निधीच्या विद्यापीठात गावाबाहेर तबेला आहे, त्यात शिकवण्यासाठी ठेवलेल्या घोड्या आहेत. हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाली असती, आणि नको म्हटल्यावर गेलं की भांडण होतं. न विचारता गेलं की नुसतं आश्चर्य वाटतं.

तर यंदाच्या शेवटच्या श्रावणी शुक्रवारी (इथल्या लोकांचा श्रावण केव्हाच आटपला होता, आपला चालू होता, त्यामुळे टेम्पोवाल्याला वाटलं मी कोणाच्या बारशाला निघाले) मी एकवीस पुरणपोळ्या, तुपाची वाटी, खण, नारळ, हळदीकुंकू आणि पाट घेऊन तिथे पोचले. पाट न्यायला नको होता. घोडी पाटावर बसत नाही, हे घरीच लक्षात यायला हवं होतं.

तिथला साईस (घोड्यांची निगा राखणारा) विक्रमसिंह, साठीचा माणूस, भला. मी निधीची आई म्हटल्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं यातली शांत कोणती, तर त्याने कोपऱ्यातली पांढरी घोडी दाखवली. कागदावर तिचं नाव घोडी नंबर चार, तो तिला बेगम म्हणतो. मुलं सुई लावायला शिकतात ती तिच्यावर, रक्त काढायला शिकतात ती तिच्यावर, आणि एकोणीस वर्षांची झाली तरी आजवर कोणाला लाथ मारली नाही. सवाष्ण आहे की नाही एवढं मात्र त्याला सांगता येईना. घोडा कोणी पाहिलेला नाही, पण मेल्याचंही कोणत्या कागदात नाही. मी सवाष्ण धरली.

विक्रमसिंह चारा आणायला गेला. मी बेगमचे पाय धुतले, आणि मान पुसायला गेले तर काय बघते! मानेच्या एका बाजूचे केस भादरलेले, आणि तिथे कोणीतरी काळ्या शाईने एक, दोन, तीन असे बारापर्यंत आकडे लिहून ठेवलेले. शाळेच्या बाकावर मुलं लिहितात ना, तसे. मला इतका राग आला! मुक्या जनावराच्या अंगावर पाढे? कुठे कुठे डासाने चावल्यासारख्या गाठीपण होत्या. मी ओला पदर घेतला आणि एकेक आकडा घासून पुसला, आणि जिथला पुसला तिथे तिथे हळदीचं बोट आणि वर कुंकू लावलं. बारा आकडे, बारा बोटं. मान इतकी सुरेख दिसायला लागली की काय सांगू. मग ओटी भरली. खण तिच्या पाठीवर ठेवला तर तिने वळून त्याचं एक टोक खाल्लं, म्हणजे तिला आवडला. मग पोळ्या. एक द्यायची असं ठरवून गेले होते, खरंच. पण ती ओठ असे हलवते, आणि डोळे असे मिटते, की हात थांबत नाही. नवव्या पोळीला विक्रमसिंह परत आला, आणि हातातला चारा टाकून ओरडला, बाईसाहेब, इसको तो मीठा मना है!

तेवढ्यात निधी आली. पांढरा कोट, हातात मापायचं एक चिमट्यासारखं यंत्र, मागे चार मुलंमुली वह्या घेऊन. आधी मला बघून हसली. मग घोडीची मान बघितली आणि मटकन खाली बसली, दादा. माझी निधी, जी कुत्र्याचं पिल्लू मेलं तरी आधी काम संपवते आणि मग रडते, ती तिथे गवतात बसून रडायला लागली. ते पाढे नव्हते. तो तिचा अभ्यास होता, वर्षभराचा. घोड्यांना माशी-चिलटं चावली की काहींना भयंकर खाज सुटते, ती कशाने सुटते हे शोधायला तिने बारा ठिकाणी काही ना काही कणभर टोचलं होतं, आणि कुठे किती फुगलं ते दुसऱ्या दिवशी बरोबर त्याच वेळी मोजायचं होतं. गाठ आली ती दिसते हो, पण जिथे काहीच आलं नाही ती जागा कशी शोधणार? आणि तीच तर बघायची होती. आकडे मी पुसले. अशा आठ घोड्या होत्या, आणि ही शेवटची.

मला त्या क्षणी वाटलं जमीन फाटावी. पण तुम्ही मला ओळखता. मी पण रडायला लागले असते तर तिथे रडायलाच दोन बायका झाल्या असत्या, काम कोणी केलं असतं? मी म्हटलं, उठ, आकडे पुसले पण जागा नाही पुसल्या, प्रत्येक आकड्याच्या जागी माझं बोट आहे, मोज. ती मान वर करून बघते तर खरंच, वरच्या ओळीत सहा पिवळे ठिपके, खालच्या ओळीत सहा, रांगेत, एकही इकडेतिकडे नाही (तीस वर्षं मी हळदीकुंकू लावते आहे, माझं बोट हलत नाही). हळद कातडीवर अशी बसली होती की शाई काय बसेल. तिच्या मागून तिचे सर आले, रमाकांत सर, चष्मेवाले, इथलेच मराठी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मानेवर वाकून बघितलं आणि फक्त एकच विचारलं की हळदीने सूज उतरत असेल तर? मी म्हटलं, बाराही ठिकाणी सारखी लावली, कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. त्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, हे वहीत जसं घडलं तसं लिहायचं, निधी, लपवायचं नाही. हळद, आईच्या हस्ते, बारा ठिकाणी. आणि तीन आठवड्यांनी एका घोडीवर हळद लावून आणि एका घोडीवर न लावता पुन्हा बघायचं. मग मोजलं. आठ ठिपक्यांना गाठी, चार सपाट. ते चार बरोबर तेच, जिथे औषधाऐवजी मुद्दाम नुसतं पाणी टोचलं होतं, आणि निधीला असंच हवं होतं.

आता सगळे हसत होते, आणि तेव्हाच बेगमने पोटाकडे वळून बघितलं आणि पुढच्या पायाने जमीन उकरली. विक्रमसिंह म्हणाला, लो, पेट. दादा, मला त्या घोडीसाठी अशी भीती वाटली, अगदी तुमच्या वेळेसारखी. नऊ पोळ्या! सरांनी तपासलं, निधीने कान लावून पोट ऐकलं, नळी घातली, सुई दिली, आणि म्हणाली हिला चालवायचं, थांबू द्यायचं नाही. मी पदर खोचला. पोळ्या माझ्या होत्या. विक्रमसिंह थकला की मी, मी थकले की मुलं, असं त्या मैदानाला आम्ही फेऱ्या घातल्या. मी तिच्याशी बोलत होते. तुमच्याबद्दलच बोलत होते, दुसरं काय बोलणार. सांगत होते की तुझ्यासारख्या कोणाच्या तरी रक्तावर माझा भाऊ जगला आणि त्याने फेटा ओझ्याला बांधला. ती ऐकत होती. तुमच्यापेक्षा बरं ऐकते.

चार वाजायच्या सुमाराला बेगम थांबली, शेपटी उचलली आणि भरपूर लीद टाकली. आणि दादासाहेब, सबंध विभागाने टाळ्या वाजवल्या! प्रोफेसर, शिपाई, वह्यावाली मुलं, सगळ्यांनी. मी देवळात घंटा ऐकून हात जोडते तसे हात जोडले. लीद पडली म्हणजे पोट सुटलं, धोका गेला. निधी माझ्या गळ्यात पडली, तिच्या कोटाला घोड्याचा वास, माझ्या पदराला हळद, आणि ती कानात म्हणाली, आई, पुढच्या वेळेला आधी फोन कर. उरलेल्या बारा पोळ्या सगळ्यांनी उभ्याउभ्याच खाल्ल्या. असा श्रावणी शुक्रवार माझ्या जन्मात झाला नव्हता.

खाता खाता मी रमाकांत सरांना तुमचे चट्टे आणि तुमची शपथ सांगितली. त्यांनी पोळी खाली ठेवली. म्हणाले, मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचं माणसांच्या डॉक्टरला विचारा, पण विचारा, उशीर करू नका. म्हणून मी परत दवाखान्यात गेले. तोच पोरगेला डॉक्टर. त्याने तुमचे जुने कागद काढले आणि एक पर्चा लिहून शिक्का मारून दिला. तो या पत्राला टाचला आहे. त्यात लिहिलंय की या माणसाला पूर्वी या औषधाने चट्टे आले होते, हे आधी सांगा, डॉक्टर तयारीत राहतील, पण साप चावला तर औषध पुन्हा हेच, आणि लगेच.

झालं. माझा नवस फिटला, मन हलकं झालं. मला तुमच्याकडून काहीएक नको आहे, नुसतं कळवायचं होतं. वहिनींना नमस्कार. तुमच्या तब्येतीला जपा.

तुमची धाकटी बहीण,
शालिनी

ता. क. पत्राबरोबर डबऱ्याच्या बसच्या कंडक्टरकडे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिलेत. कापणी तोंडावर आहे. चपला घालून बांधावर उतरलात असं वहिनींनी कळवलं तर मी तिथे येऊन सगळ्या गड्यांसमोर तुमच्या पायात बूट घालीन.

आणखी ता. क. तबेला रिकामा करा. ट्रॅक्टरचे सुटे भाग आणि खताची पोती बाहेर काढा. कीटकनाशकाचे डबे तर आधी, आणि कुलपात. खाली सांडलं असेल ती माती खरवडून लांब पुरा, असं निधीने बजावलंय. दारातली कण्हेर मुळासकट काढा. वहिनी देवाच्या फुलांसाठी रागावतील, पण तिची चार पानं घोड्याचा जीव घेतात. फुलांसाठी मी जास्वंद पाठवते.

तबेला का, ते सांगायचं राहिलं. बेगमचं विद्यापीठातलं काम संपलं. आता तिला मोकळं करायचं असं कमिटीत ठरलं. विक्रमसिंह म्हणाला म्हाताऱ्या घोड्या कोण घेतं, वीटभट्टीवाले. माझ्या हातची नऊ पुरणं खाल्लेली सवाष्ण मी वीटभट्टीवर जाऊ देणार नाही. त्यांनी कागदावर नाव विचारलं, मी तुमचं, महिपतराव म्हणून लिहिलं. सही पण केली, तुमच्यासारखीच आली. तिचं रक्त प्रयोगशाळेत तपासून आलंय, अंगात कोणतीही साथ नाही. टेम्पो ठरलाय. दसऱ्याला सकाळी मी, निधी आणि घोडी, तिघी येतोय. नाही म्हणू नका. आपल्या आबांची घोडी रेवा विकून ट्रॅक्टर आणलात त्या दिवशी तबेल्याच्या मागच्या भिंतीला तोंड लावून कोण रडत होतं, ते मी पाहिलंय. बावीस वर्षं कोणाला बोलले नाही, आता कागदावर आलं. त्या दिवसापासून आपल्या दसऱ्याला घोडा नाही.

शेवटचं, आणि खरं काम हेच आहे. चबुतऱ्यावर हात ठेवून घेतलेली शपथ तुम्ही मोडत नाही, हे मला ठाऊक आहे. मोडू नका. तिच्यावर दुसरी घ्या. दसऱ्याला बेगमची पूजा झाली की तिच्या मानेवर, जिथे निधीचे आकडे होते तिथे, हात ठेवून म्हणा की साप चावला तर ओझ्याकडे नाही, तडक दवाखान्यात, आणि सुई घेईन. मग रोज सकाळी बांधावर जाताना तिच्यासमोरून जा. मला दुसरा भाऊ नाही, दादा. घ्याल की नाही, एवढं मला खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत फोनवर कळवा. आवाज कटला तर मी हो धरीन.